आधी पाणी मुरवा, मग ऑक्टोपस

"काका, तुमच्याकडे ऑक्टोपस होता म्हणे. कुठे मिळतो?"

लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, हा प्रश्न मला हमखास गाठतो. विचारणारे बहुतेक हिंजवडीत नोकरी करणारे, पंचविशी-तिशीतले. घरात गोड्या पाण्याची एखादी टाकी आधीपासून असते. 'माय ऑक्टोपस टीचर' हा माहितीपट पाहिलेला असतो, आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळतो. तो उजळलेला चेहरा मला आवडतो, म्हणून मी कुणाला दारातूनच परत पाठवत नाही. घरी बोलावतो, चहा टाकतो आणि विचारतो, "तुमच्या फ्लॅटला पाणी कुठलं येतं? टँकरचं की बोअरचं?"

समोरचा बुचकळ्यात पडतो. ऑक्टोपसचं बोलायला आलेल्याला टँकरचं काय विचारायचं! पण मारुंजीत ऑक्टोपस पाळायचा तर बोलणं तिथूनच सुरू करावं लागतं. आपलं गाव मुळशी तालुक्यातलं, भातखाचरांचं. जांबे-नेऱ्याच्या बाजूला ती खाचरं अजून दिसतात. समुद्र इथून घाट उतरून शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे. किनाऱ्यावरच्या शहरात समुद्राचं पाणी निदान आणता तरी येतं, इथे टाकीतला थेंबन्‌थेंब घरी बनवावा लागतो. म्हणून माझं सांगणं एकच असतं. आधी सहा महिने ऑक्टोपस नसलेली खाऱ्या पाण्याची टाकी चालवा. ती नीट चालली, तुमचा कंटाळा हरला, घरच्यांची कुरकुर थांबली, तर मग ऑक्टोपसचा विषय काढू.

पाण्यापासूनच सुरुवात करतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस पेनवर टँकरचं पाणी उन्हाळ्यात सहाशेच्या पुढे जातं, पावसाळ्यात चारशेच्या आसपास येतं. हे पाणी टाकीला चालत नाही. टाकीसाठी आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय असं दोन्ही असलेलं वेगळं यंत्र लागतं, आणि पेनवर शून्य दिसलं तरच ते पाणी घ्यायचं. त्यात समुद्री मत्स्यालयासाठीचं तयार मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने मिसळायचं. स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठ किंवा जाडं मीठ इथे उपयोगाचं नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार ठरावीक प्रमाणात असतात. ३०० लिटरच्या टाकीला पहिल्यांदा दहा-साडेदहा किलो मीठ लागतं. पुढे दर आठवड्याला पंधरा टक्के पाणी बदलायचं म्हटलं की ४५ लिटर पाणी आणि दीड किलोहून थोडं जास्त मीठ. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास स्थिर राहिलं पाहिजे. तरंगणारा स्वस्त काटा चुकीचं सांगतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवत राहतो. आणखी एक, टाकीतलं पाणी वाफेने उडतं तेव्हा मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची तूट नुसत्या शुद्ध पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने भरायची नाही. नवशिक्यांची सगळ्यात जास्त चूक इथे होते.

आरओचं यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. सकाळी सोसायटीच्या गेटवर टँकरची रांग लागते अशा गावात ते पाणी गटारात सोडणं मला बरोबर वाटत नाही. आमच्याकडे ते पिंपात जमतं आणि फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला जातं. हे जमत नसेल तर हा छंद आपल्या भागात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तांब्याची गोष्ट, कारण माझी पहिली टाकी मी तांब्यानेच मारली. तेव्हा माझ्याकडे वेगळं यंत्र नव्हतं. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी चांगलं असतं, असं मानून तेच वापरलं. त्या प्युरिफायरमध्ये पाण्यात तांब्याचा अंश सोडणारी नळकांडी बसवलेली होती. आरोग्याला उत्तम, म्हणूनच आम्ही ती निवडली होती. दोन आठवड्यांत टाकीतले शंखात राहणारे खेकडे एकेक करून शंखाबाहेर येऊन मेले. मग कोळंब्या आडव्या पडल्या. मासे मात्र मजेत पोहत होते, त्यामुळे पाण्यात दोष असेल हे मला फार उशिरा सुचलं. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी आपण सकाळी श्रद्धेने पितो. पाठीचा कणा नसलेल्या समुद्री जीवांना मात्र पाण्यात विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी घातक ठरतं. नवलाची गोष्ट अशी की ऑक्टोपसचं रक्त निळं असतं ते तांब्यामुळेच. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असतं, त्याच्या रक्तात तांबं असतं. पण ते प्रथिनात घट्ट बांधलेलं, त्याच्या शरीराने हिशेबात ठेवलेलं. बाहेरून आलेलं तांबं त्याला सोसत नाही. तेव्हा टाकीत हात घालण्याआधी तांब्याची अंगठी, कडं काढून ठेवा. पितळी नळ, पितळी जोड टाळा. माशांच्या आजारावरची अनेक औषधं तांब्याची असतात. ज्या टाकीत एकदा ती पडली, ती टाकी आणि ते दगड ऑक्टोपससाठी कायमचे बाद समजा.

पाणी तयार झालं म्हणजे टाकी तयार झाली असं नाही. ते मुरावं लागतं. विरजण लावल्याशिवाय दूध जसं दही होत नाही, तसं जिवाणू वसल्याशिवाय खारं पाणी राहण्याजोगं होत नाही. कोळंबीचा एक तुकडा टाकीत सडू द्यायचा. त्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिल्या दोन्ही गोष्टी विषारी, तिसरी त्या मानाने सौम्य, आणि ती पाणी बदलून कमी करता येते. चाचणीच्या बाटल्या घेऊन दोन-चार दिवसांनी रंग बघायचे आणि वहीत लिहायचे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, असं सलग काही आठवडे आलं की जिवाणू वसले. याला दीड-दोन महिने लागतात. ऑक्टोपससाठी मी त्याहून बरंच जास्त थांबायला सांगतो. तो प्रथिनांवर जगतो, भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. त्याच्या आकाराच्या माशाला जेवढी गाळणी पुरते, तेवढी त्याला पुरत नाही. प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडून घाण फेसात पकडतं. ते टाकीच्या मापापेक्षा मोठंच घ्या. त्याचा तपकिरी, कुबट वासाचा पेला दर दोन दिवसांनी धुवावा लागतो. ते काम कोण करणार हे लग्न झालेल्यांनी आधीच ठरवून घ्यावं.

दगड कुठून आणायचे, हा प्रश्न येतोच. मालवण-रत्नागिरीला फिरायला गेलेला माणूस पिशवीत प्रवाळाचा तुकडा घालून आणतो. तसं करू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचा दर्जा वाघाच्या बरोबरीचा. मालवणच्या समुद्राचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोरडे कृत्रिम दगड मिळतात, त्यांच्यावर जिवाणू तितकेच छान वसतात.

टाकी कुठे ठेवणार? ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलोहून जास्त, वर काच, स्टँड, वाळू, दगड. एकूण साडेचारशे-पाचशे किलो. घरातल्या खोल्यांच्या स्लॅबचा हिशेब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो असा धरलेला असतो आणि टाकी तर अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर उभी राहते. बाल्कनीचा विचारही करू नका. भिंतीला लागून, खाली बीम असेल अशी जागा सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून ठरवा आणि कमिटीला लेखी कळवा. खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले राहतात.

आता वीज आणि ऊन. आपल्या उबदार समुद्रातल्या ऑक्टोपसला २५-२६ अंशांचं पाणी मानवतं. एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये पाणी ३० च्या पुढे सहज जातं. त्यामुळे चिलर हवाच, नुसत्या पंख्यावर उन्हाळा निघत नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि नेमका तेव्हाच प्राण्याला तो जास्त लागतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, दोन कल्ल्यांसाठी आणि एक बाकी शरीरासाठी. एवढं असूनही कमी प्राणवायू त्याला लवकर जाणवतो. आणि आपल्याकडे गुरुवार असतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो. तुमच्या घरात त्याचा एखादाच पॉइंट असेल तर तो टाकीच्या पंपाला द्या. शिवाय बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या, आणि तो चालतो की नाही हे महिन्यातून एकदा बघा. इन्व्हर्टरवर चिलर ओढू नका. अशा वेळी बर्फाच्या बंद बाटल्या पाण्यात सोडणं पुरतं.

एक धोका कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. तो आपल्याच सोसायटीतून येतो. डेंग्यूच्या दिवसांत फॉगिंगची गाडी फिरते. घरात पेस्ट कंट्रोल होतं, रात्री डासांचं लिक्विड लावलं जातं. या औषधांतली बरीचशी द्रव्यं कोळंबी-खेकड्यांसारख्या जलचरांना अतिशय घातक असतात, आणि हवेचा पंप तर खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. फॉगिंगचा दिवस सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी कळवायला सांगा. त्या वेळी खिडक्या बंद, टाकीवर ओल्या चादरीचं झाकण, आणि तासभर हवेचा पंप बंद. पाणी फिरवणारा पंप मात्र चालू ठेवा. ज्या खोलीत टाकी आहे तिथे डासांचं लिक्विड नको, उदबत्तीही नको, मच्छरदाणी लावा. आसपासच्या बांधकामांची आणि आरएमसी प्लांटची धूळ काचेवर बसते तशी पाण्यावरही बसते, त्यामुळे झाकण बाराही महिने लागतं.

झाकणाचं आणखी मोठं कारण म्हणजे स्वतः ऑक्टोपस. त्याच्या अंगात हाड नाही. पोपटाच्या चोचीसारखं तोंड तेवढं कडक असतं, आणि जिथून चोच जाते तिथून तो जवळजवळ आख्खा जातो. न्यूझीलंडमधल्या नेपिअरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस २०१६ साली टाकीच्या किंचित उघड्या राहिलेल्या झाकणातून बाहेर पडला, फरशीवरून सरकत गेला आणि ५० मीटर लांबीच्या नळातून समुद्रात निघून गेला. तिकडे नळाच्या टोकाला समुद्र होता. मारुंजीत नळाच्या टोकाला सोसायटीचा सांडपाण्याचा प्लांट आहे. तेव्हा चहूबाजूंनी कड्या लागणारं अॅक्रिलिकचं जाड झाकण करून घ्या. पाइप आणि वायरी जिथून आत जातात तिथल्या फटी स्पंज आणि जाळीने बुजवा. टाकीच्या वरच्या कडेला आतून कृत्रिम हिरवळीची पट्टी चिकटवा. खरखरीत जागेवर त्याच्या हातांवरच्या वाट्या नीट चिकटत नाहीत. विजेचं सगळं सामान उडणाऱ्या पाण्यापासून लांब, आणि गळती होताच वीज तोडणारं ईएलसीबी बसवलेलंच हवं. जर्मनीतल्या कोबुर्गच्या मत्स्यालयातला ऑटो २००८ साली वरच्या दिव्यावर पाण्याची पिचकारी मारून सगळी वीज घालवायचा.

एवढं करून सहा महिने काय पाळायचं? शंखातले खेकडे, स्वच्छता करणाऱ्या कोळंब्या, गोगलगायी. त्या तुमच्या पाण्याच्या परीक्षक आहेत. कोळंबी कात टाकून दुसऱ्या दिवशी ठणठणीत फिरताना दिसली की समजायचं, पाणी बरोबर आहे. कुणाला हे दुय्यम वाटतं, मला तसं कधी वाटलं नाही. खेकडा जुना शंख सोडून नवा शंख घालून बघतो, पुन्हा काढतो, पुन्हा जुन्यात शिरतो. दुकानात चपला घालून बघणाऱ्या माणसासारखा. ते बघण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत. सहा महिन्यांनंतर दहातल्या नऊ जणांना मी "खेकड्यांवरच थांबा" असं सांगतो आणि ते आनंदाने थांबतात.

याच सहा महिन्यांत एक काम आणखी करा. ऑक्टोपस त्याच्या घरी कसा राहतो ते बघून या. 'माय ऑक्टोपस टीचर'मधल्या क्रेग फॉस्टरने ऑक्टोपस पाळला नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या थंड समुद्रात तो जवळजवळ वर्षभर रोज एका मादी ऑक्टोपसकडे जात होता. आपल्याला रोज जमणार नाही, पण ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जाणं अवघड नाही. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्याआधी-नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला समुद्र सगळ्यात लांब मागे जातो, आणि तेव्हा पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आसपास येते. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून गिरगाव, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर लोकांना ओहोटीची सफर घडवतो. मुंबईच्या खडकांतही ऑक्टोपस आहेत, हे अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं. रत्नागिरीला जाणं झालं तर कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा, समुद्री टाक्या कशा सांभाळतात ते समजेल. आमच्या पिढीचं हे वेड मरीन ड्राइव्हवरच्या १९५१ सालच्या तारापोरवाला मत्स्यालयात लागलं. शाळेच्या सहलीत तिथल्या काचेला नाक लावून मी इतका वेळ उभा राहिलो होतो की बाईंनी दंड धरून ओढत बाहेर नेलं.

किनाऱ्यावर खडकाच्या फटीसमोर फुटक्या शिंपल्यांचा छोटा ढीग दिसला तर थांबा. आत कुणीतरी राहतं. हात घालू नका. उचललेला दगड होता तसाच ठेवा.

आणि हे सगळं होऊनही ज्याचा निश्चय टिकला, त्याच्यासाठी पुढचं.

निळ्या कड्यांचा छोटा, देखणा ऑक्टोपस कुणी दाखवला तर तिथून निघून या. त्याच्या विषावर उतारा नाही आणि माणूस दगावू शकतो. बाकीच्यांच्या लाळेतही कमी-जास्त विष असतंच, म्हणून लहान मुलांना टाकीत हात घालू द्यायचा नाही. आपल्याकडे घरी पैदास केलेला ऑक्टोपस मिळेल अशी आशा ठेवू नका. जो येतो तो समुद्रातून पकडलेला असतो, आणि त्याचं वय कुणालाच माहीत नसतं. लहान जातींचं आयुष्य वर्षभराचं. पूर्ण वाढलेला आणलात तर त्याचे थोडेच महिने उरलेले असतात. विकणाऱ्याला विचारा: कुठे पकडला, कधी, काय खातो, सगळे हात शाबूत आहेत का. हात तुटला तर तो पुन्हा फुटतो, पण जाळ्यात रगडलेला, फिका पडलेला, कोपऱ्यात लोळणारा ऑक्टोपस दया येऊन घेऊ नका. प्रवासातच जातो.

माझ्याकडे होती ती नारळी ऑक्टोपस म्हणून ओळखली जाणारी जात, शास्त्रीय नाव अँफिऑक्टोपस मार्जिनेटस. अंग मुठीएवढं, हात त्याहून लांब. कोकणातल्या एका ओळखीच्या नौकेच्या जाळ्यात ती जिवंत आली होती. या जातीबद्दल २००९ साली शास्त्रज्ञांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. इंडोनेशियाच्या समुद्रतळावर हे ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून, हातांच्या टोकांवर तुरुतुरु चालत नेतात, आणि गरज पडली की दोन करवंट्या जोडून आत बसतात. मी करवंटीचे दोन भाग घासून, महिनाभर पाणी बदलत भिजत ठेवून, पाण्याला रंग येणं पूर्ण थांबल्यावर टाकीत ठेवले. शेजारी संक्रांतीचं एक सुगड, न रंगवलेलं, तसंच भिजवलेलं. पहिल्याच रात्री तिने सुगड निवडलं. करवंटीचा एक तुकडा ओढून आणला आणि दारासारखा तोंडावर लावून घेतला.

घरी आणल्यावर घाई करू नका. पिशवीतलं पाणी बादलीत, आणि टाकीचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब दोन-तीन तास. या वेळी तो शाई सोडू शकतो. तसं झालं तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका, शाई कल्ल्यांना त्रास देते. टाकीतच सोडली तर लगेच मोठा पाणीबदल आणि ताजा सक्रिय कोळसा. त्यासाठी साठ-सत्तर लिटर खारं पाणी पिंपात कायम तयार असावं. प्रकाश मंद ठेवा. पहिले चार-पाच दिवस तो दिसणारही नाही.

खाणं रोज लागतं. पिंपरीच्या मासळी बाजारात कोळणीकडे 'माकूल' मिळते ती याचीच चुलत भावंडं. आयुर्वेदाच्या दुकानातला समुद्रफेस म्हणजे त्यातल्याच एका भावंडाच्या पाठीतला कडक भाग. याला मात्र हवी कवचासकट कोळंबी, लहान चिंबोरी, तिसऱ्या. बाजारातला माल बर्फावर कशाने टिकवलाय ते कळत नाही, म्हणून विश्वासाच्या एकाच ठिकाणाहून घ्या, शुद्ध पाण्याने धुवा आणि एका वेळेपुरते तुकडे करून गोठवा. पावसात मुळशी रस्त्याला विकायला येणारे काळे खेकडे देऊ नका. खाऱ्या पाण्यात ते लवकर मरतात, शिवाय भातावरची फवारणी त्यांच्या अंगात असू शकते. उरलेलं खाणं दोन तासांत काढून टाका. तिसऱ्या तो जोर लावून उघडतो किंवा शिंपल्याला बारीक भोक पाडतो. ते भोक पडलेले शिंपले मी काचेच्या बरणीत जपून ठेवले आहेत.

हा प्राणी कंटाळतो. त्याच्या अंगात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या दोन तृतीयांश हातांमध्ये. वाट्यांनी तो स्पर्शाबरोबर चवही घेतो. झाकणाच्या बाटलीत कोळंबी घालून द्या, दगडांची मांडणी अधूनमधून बदला. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात वेदना-सुख जाणणाऱ्या प्राण्यांमध्ये ऑक्टोपसला धरलं, ते उगीच नाही. माझी ऑक्टोपस तिसऱ्या आठवड्यात मला ओळखायला लागली, असं मला वाटतं. संध्याकाळी मी खुर्ची ओढली की सुगडाच्या तोंडाशी एक डोळा दिसायचा. मग एक हात बाहेर. मी बोट पाण्यात धरलं की टोकाची सगळ्यात लहान वाटी बोटाला लागायची, सुटायची, पुन्हा लागायची. मोहरीएवढी गार जागा. हात साबणाचा असेल तर ती झटकन मागे घ्यायची. म्हणून टाकीत हात घालण्याआधी नुसत्या पाण्याने खळखळून धुवा, साबण-क्रीम काही नको.

ती सात महिने होती. सहाव्या महिन्यात तिने सुगडात अंडी घातली, कणीएवढी, हजारो. मादी नराकडून मिळालेलं बीज साठवून ठेवते, त्यामुळे एकटी ठेवलेली मादीही फळलेली अंडी देऊ शकते. तेव्हापासून तिने खाणं सोडलं. मी कोळंबी सुगडाच्या तोंडाशी धरली तर ती हाताने हळूच बाजूला सारायची. दिवसरात्र अंड्यांवर पाण्याचा झोत सोडत, त्यांना पुसत बसलेली. डोळ्यांजवळच्या एका ग्रंथीमुळे हे घडतं. ती ग्रंथी काढली की मादी पुन्हा खाते आणि जास्त जगते, हे जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ साली दाखवलं होतं. म्हणजे हा आजार नाही आणि तुमची चूकही नाही. औषधं टाकू नका, जबरदस्ती करू नका. प्रकाश आणखी मंद करा, पाणी स्वच्छ ठेवा, घरात शांतता ठेवा. नराचंही शेवटी असंच होतं: कातडी फिकी पडते, जखमा होतात, तो दिवसाढवळ्या भरकटल्यासारखा फिरतो.

पिल्लं फुटली तेव्हा टाकीभर जिरं सांडल्यासारखं दिसलं. त्यांना खुल्या समुद्रातलं सूक्ष्म जिवंत अन्न लागतं. ते मला देता आलं नाही आणि चार दिवसांत एकही उरलं नाही. ती त्याआधीच गेली होती, सुगडाच्या तोंडाशी करवंटी तशीच धरून. घरात मुलं असतील तर हा शेवट त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. माझ्या नातीला मी सांगितलं नव्हतं, ते मला अजून लागतं.

त्यानंतर मी दुसरी आणली नाही. टाकी चालू आहे. सध्या त्यात नऊ खेकडे आणि चार कोळंब्या आहेत, आणि सुगडात एक गोगलगाय राहायला गेली आहे. कुणाला खरंच शिकायचं असेल तर रविवारी येऊ नका, गुरुवारी सकाळी या. वीज गेलेली असेल, बॅटरीचा पंप लावायचा असेल, स्किमरचा पेला धुवायचा असेल, आणि पिंपातलं ४५ लिटर पाणी मीठ विरघळेपर्यंत ढवळायचं असेल. दोघांनी केलं तर तासाभरात होतं.